काकणं वाजली

शिरूर, गुरुवार, १२ नोव्हेंबर १९५९

तळेगावच्या बाजाराची बातमी लिहीत होतो आणि स्वयंपाकघरात काकणं वाजली. बायकोच्या, सुमतीच्या, कानात कुणीकुणी बोलायचं, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कानातले गप्प झाले, पण गोळ्यांनी अंग इतकं सुटलं की काकणं मनगटात रुतून तीही गप्प झाली. आज वाजली. म्हणजे हात रोडावला. का रोडावला?

शेजारच्या हमीदाबी खूश. "वैनी, बारीक झालाव. आता कसं बरं दिसतंया!"

संस्कृत काव्यात काकणं सैल होतात ती विरहानं. इथं नवरा दिवसभर घरात ठाण मांडून! मग गोळ्याच पोटात जात नसणार.

जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "काकणं बोलायला लागली वाटतं?"

"काकणंच बोलतायत," ती म्हणाली. "अजून दुसरं कोणी नाही."

तिचं ते 'अजून' मी ऐकलं. जेवण झाल्यावर गोळी माझ्या हातानं दिली. वर पाणी प्यायली.

"आ करून दाखवू का, पंतोजी?" हसत म्हणाली.

मी नको म्हणालो. बघायला हवं होतं.