फादर चेलेस्तिनोंची गाडी

सेर्रे, ९ ऑक्टोबर १९९३

चि. सेव्हेरिनो यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू फार ओरडतोस आणि मला वेळेवर उत्तर सुचत नाही, म्हणून हे पत्र. इथे आम्ही ठीक. चेस्टनट वेचून झाले, लाकडं रचून झाली. तुझ्या भाऊजींचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालूच आहे. सकाळी दवाखान्याची गाडी दारात येते, कुनेओला नेते आणि संध्याकाळी आणून सोडते. आल्यावर सूप घेतात आणि झोपतात. पण परवा त्या ड्रायव्हरने स्वच्छ सांगितलं, की एकदा बर्फ पडला की आपण पुलाच्या पुढे येणार नाही. त्याचंही काय चुकलं? आपला रस्ता तुला माहीत आहे. पुलापासून वर घरापर्यंतची ती चढण, अशा माणसाने पायी चढायची तरी कशी?

तू म्हणशील, तुरीनला या. मी भाऊजींपाशी विषय काढला होता रे. ते एवढंच म्हणाले, की एकदा खाली गेलो तर परत वर येईन तो पेटीतूनच. मी चिडले, पातेलं आपटलं, पण तेव्हापासून तेच शब्द कानात घुमताहेत. त्यांना इथेच राहायचंय. आणि खरं सांगायचं तर मलाही.

तेव्हा मी गाडी घेणार आहे आणि चालवणारही मीच. घे हसून. लायसन्स माझ्याकडे तुझ्या लग्नाच्या आधीपासून आहे, वापरलं नाही एवढंच. आमच्या जुन्या गाडीत पायाखाली रस्ता दिसायला लागलाय, आणि भाऊजींना डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून ताकीद दिलीय. चारही चाकं ओढणारी, जुनी, स्वस्त, आणि बर्फाच्या आधी मिळणारी अशी हवी. बेकरीत कळलं, की फादर चेलेस्तिनो आता वृद्धाश्रमात राहायला चालले आणि त्यांची चारही चाकं ओढणारी पांडा गाडी विकायची आहे. काय काय बघून घ्यायची ते सविस्तर कळव.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, ओरडणं तेवढं कमी कर.

तुझी ताई,
ओत्ताविया

---

तुरीन, १४ ऑक्टोबर १९९३

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि.

फादरची गाडी! ताई, तुला दुसरं कुणी भेटलं नाही का? अगं, ही माणसं स्वर्गात जागा राखून ठेवल्यासारखी गाडी हाकतात. क्लच जाळतात, वळणावर हॉर्न देत नाहीत, आणि गाडीला काही झालं की मेणबत्ती लावून मोकळे होतात. मी आयुष्यभर कारखान्यात सीटा बसवल्या, फादर लोकांनी परत आणलेल्या सीटा मला लांबून ओळखू यायच्या.

बरं, ऐक. इंजिन गार असताना जा. आधीच तापवून ठेवलं असेल तर समज, काहीतरी लपवलंय. पायाखालची चटई उचल आणि पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोकरून बघ. आत गेला तर तशीच मागे फीर. धूर निळा निघाला तर फादरांकडून आशीर्वाद घे आणि गाडी त्यांनाच ठेवून ये. तसं पांडा म्हणजे खेचर आहे, चढण तिला नवीन नाही.

पण मला विचारशील तर हा सगळा हट्टच आहे. इथे दवाखाना ट्रामने दोन थांब्यांवर, इमारतीला लिफ्ट, नळाला गरम पाणी. तुझी भावजय इनेस गेल्यापासून आतली खोली नुसती पडून होती, ती मी पिवळी रंगवून घेतली. पिवळा तुझा आवडता म्हणून नाही, डबा स्वस्तात मिळाला म्हणून.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव, सल्ला ऐकला नाहीस तरी.

तुझा,
सेव्हेरिनो

---

सेर्रे, २४ ऑक्टोबर १९९३

चि. सेव्हेरिनो यास अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

घेतली! पत्रा टोकरला, चटई उचलली, धूर बघितला, तुझं नाव घेऊन सगळं केलं. फादर शेजारी उभे राहून हसत होते. त्यांनी विचारलं, की भाऊ अजून देवाला मानत नाही का. मी म्हटलं, देवाला मानतो की नाही माहीत नाही, गंजाला मात्र फार मानतो. एका वासराच्या किमतीत सौदा झाला, शिवाय दर महिन्याला आपल्याकडचं चीज वृद्धाश्रमात पोचवायचं, ही फादरांची अट. चढेल ना वर, असं मी पुन्हा पुन्हा विचारलं. ते म्हणाले, श्रद्धा ठेव, इतकी वर्षं मला तिने वरच्या चॅपेलपर्यंत नेलंय.

गाडी हिरवी आणि डब्यासारखी चौकोनी आहे. आत मात्र क्लेमेंतिनाचं राज्य! फादरांचं घर सांभाळणारी ती क्लेमेंतिना तुला आठवत असेल, तिनेच तुझ्या शर्टाला बटण नाही म्हणून तुला चर्चमधून बाहेर काढलं होतं. तिने सीटांना, स्टिअरिंगला, गिअरला, सगळ्यांना लोकरीची विणलेली अंगडी घातली आहेत. गिअरच्या मागे एक छोटी खुंटी आहे, तिला तर टोपरंच. वरून फादरांची जपमाळ घट्ट गुंडाळलेली आणि मेरीमातेची इवलीशी मूर्ती बांधलेली. गाडीतला देव्हाराच म्हण. तिला कुणी हात लावायचा नाही, असं क्लेमेंतिनाने मला बोट नाचवून बजावलं. मी कशाला लावते?

भाऊजी शेजारी बसतात ते दरवाजाची मूठ पांढरी पडेस्तोवर धरून. मी वळण घेतलं की ते पायाने जमीन दाबतात, जणू त्यांच्याही बाजूला ब्रेक आहे. तोंडाने अवाक्षर काढत नाहीत, पण नाकाने असा श्वास घेतात की मला शिवी दिल्यासारखं वाटतं. असू दे. पुलापर्यंत जाऊन आलो, धडधाकट. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! आता पडू दे बर्फ.

आतली खोली पिवळी केलीस हे वाचून बरं वाटलं. लोभ वाढता असू दे.

तुझी ताई,
ओत्ताविया

---

तुरीन, ३० ऑक्टोबर १९९३

ती. ताईस सा. न. वि. वि.

चला, सुटलो एकदाचा. निळा धूर नाही आणि पत्रा शाबूत, म्हणजे गाडी चांगली मिळाली. फादरांबद्दल बोललो त्यातलं अर्धं मागे घेतो, अर्धं राहू दे. क्लेमेंतिनाबद्दलचं एक अक्षरही मागे घेणार नाही.

खोलीत आता बटाटे ठेवीन म्हणतो. शेजारची बाई विचारत होती, की बहीण कधी येणार. मी म्हटलं, ती आता मोटार हाकते, तिला वेळ कुठला. भाऊजींना सांग, जमीन दाबून पाय मोडेल. लोभ असेलच, बोलायला नको.

तुझा,
सेव्हेरिनो

---

सेर्रे, १८ नोव्हेंबर १९९३

चि. सेव्हेरिनो यास आशीर्वाद.

आम्ही येतो आहोत.

सोमवारी पहिला बर्फ पडला, तोही मुहूर्त साधल्यासारखा भाऊजींच्या उपचाराच्या दिवशी. संध्याकाळी दवाखान्याच्या गाडीने त्यांना पुलाशी सोडलं, मी आपली ऐटीत घ्यायला गेले. चॅपेलच्या वळणापर्यंत आलो आणि गाडी थांबली. पुढची चाकं नुसती जागेवर भिरभिरत राहिली. मी आणखी दाबलं, तर गाडी मागे सरकत सरकत कठड्याला जाऊन टेकली. कठडा नसता तर हे पत्र तुला दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. चाकांना साखळ्या लावाव्यात, तर चार चाकं ओढणाऱ्या गाडीला त्या कशाला, म्हणून घेतल्याच नव्हत्या.

मग तुझे भाऊजी उतरले. मी ओरडत राहिले आणि ते ऐकत नव्हते. दवाखान्यातून आलेला माणूस, अंगात त्राण नाही, आणि गाडीला खांदा लावून ढकलतोय. दोन पावलं ढकलली असतील, तिथेच बर्फात बसले. मी त्यांना उठवू शकले नाही रे. त्यांच्या अंगावर माझा कोट घालून जवळ बसले आणि हॉर्न वाजवायला परत आत जायचं, तर हात सोडवेना. शेवटी खालच्या घरातला रेमो ट्रॅक्टर घेऊन आला आणि आम्हाला ओढून घरी पोचवलं.

त्यांनीच चुलीपाशी बसल्या बसल्या सांगितलं, की तुझ्या भावाला लिही, आपण जाऊ. काल त्यांनी रंधा, करवती, सगळी हत्यारं तेल लावून फडक्यात बांधली. कोंबड्या रेमोला दिल्या. माझ्याकडे बघत नाहीत. फादरांनी फसवलं असं माझ्या तोंडून निघत नाही, पण गाडी काही चारही चाकं ओढणारी नाही, एवढं मला कळलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी निघतो. तोवर रेमो ट्रॅक्टरने पुलापर्यंत नेतो म्हणालाय, पण रोज रोज कुणाला किती सांगायचं.

खोलीतले बटाटे काढ.

ओत्ताविया

---

तुरीन, २२ नोव्हेंबर १९९३

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोन लावून लावून बोट दुखलं. तुमच्याकडच्या तारा पडल्यात म्हणतात. म्हणून हे पत्र तातडीच्या टपालाने धाडतो. उभ्या उभ्याच वाच आणि मग भाऊजींना वाचून दाखव.

तुझं पत्र आलं, तेव्हा आधी मला आनंद झाला. माफ कर, पण झाला. खोली झाडली, गादीला ऊन दाखवलं, शेजारणीला जाऊन सांगितलं. ताई किती मजेशीर लिहिते ते तिला दाखवावं म्हणून तुझं जुनं पत्र काढलं, क्लेमेंतिनाच्या अंगड्या-टोपऱ्यांचं. वाचता वाचता माझी जीभच अडकली.

ताई, ती खुंटी नाही. तो देव्हाराही नाही. तो मागच्या चाकांचा दांडा आहे! तो वर ओढल्याशिवाय मागची चाकं नुसती पाहुण्यासारखी येतात. फादरांनी इतकी वर्षं त्याला जपमाळ बांधून ठेवली, मग ते चॅपेलपर्यंत चढायचे तरी कसे ते त्यांनाच ठाऊक. आणि मी गाढव! तुला गंज सांगितला, धूर सांगितला, दांड्याचं काही सांगितलं नाही. मला वाटलं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

गाडी पूर्ण थांबव, क्लच दाब आणि दांडा वर ओढ. खालून खट्‌ असा आवाज येईल, त्याला घाबरू नकोस. कोरड्या रस्त्यावर आलीस की पुन्हा खाली कर.

खरं सांगू? हे लिहायला बसलो आणि पुन्हा उठलो. न लिहावं असंही क्षणभर मनात आलं. तुम्ही आला असतात तर घरात माणसांचा आवाज झाला असता. मला आता रेडिओचाही कंटाळा आलाय. पण भाऊजी इथे खिडकीशी बसून ट्रामा मोजताहेत असं डोळ्यांपुढे आलं आणि मला ते बघवेना. हत्यारं परत भिंतीवर लावा म्हणावं.

लोभ कमी होऊ देऊ नकोस. मला इथे दुसरं आहे कोण?

तुझा,
सेव्हेरिनो

---

सेर्रे, १ डिसेंबर १९९३

चि. सेव्हेरिनो यास ताईचे अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी उभ्या उभ्याच वाचलं. भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा ते सरळ बूट घालायला लागले. गाडीपाशी गेलो खरे, पण जपमाळेला हात लावायचा कुणी? मी म्हटलं तुम्ही, ते म्हणाले तू. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, आणि माळेपुढे हात खिशात घालून उभा! त्यांच्या आयुष्यात सगळ्या गाड्या दोन चाकं ओढणाऱ्या. त्यांना वाटायचं, या चारवाल्या आपलं आपण समजून घेतात.

शेवटी रेमोला सांगून क्लेमेंतिनालाच आणवली. तिने ओठ आवळून माळ सोडली, टोपरं उसवलं, आणि आतून तो लाल मुठीचा दांडा निघाला, नवाकोरा. मग तिला कंठ फुटला. म्हणाली, की हिवाळ्यात रविवारी चॅपेलमध्ये प्रार्थनेला येणारी माणसं फादरांची गाडी वळणावर मागून ढकलायची, आणि फादर वर पोचल्यावर गाडीची तारीफ करायचे. त्यांना वाईट वाटेल म्हणून कुणी कधी बोललं नाही. मी हसून हसून खांबाला टेकले.

मग तीही निघाली आमच्याबरोबर, मागच्या सीटवर, माळ हातात धरून. खाली पुलापर्यंत जाऊन परत फिरलो आणि वळणाच्या अलीकडे थांबले. क्लच दाबला, दांडा ओढला. खट्‌! सेव्हेरिनो, गाडी चढली रे. हूं नाही की चूं नाही, रोजचीच वाट असल्यासारखी चढून वर चॅपेलच्या दारात उभी राहिली. क्लेमेंतिना देवाचे आभार मानत होती, मी तुझे मानत होते. भाऊजींनी फक्त नाक शिंकरलं, आणि बराच वेळ शिंकरत राहिले. मला रडू आलं, मी लपवलंही नाही.

हत्यारं भिंतीवर परत गेली. कोंबड्या रेमोने परत आणून दिल्या, एक कमी आहे, पण मी विचारलं नाही. त्यानंतर दोनदा बर्फ पडला, दोन्ही वेळा मी पुलावर जाऊन यांना घेऊन आले. फादरांना चीज पाठवलं, दांड्याचं मात्र कळवलं नाही आणि कुणी कळवणारही नाही.

आता तुझं. आम्ही येत नाही, तू ये. नुसत्या नाताळाला नको, हिवाळाभर ये. आपल्या आईची खोली कोरडी आहे, रंग पांढराच आहे, पिवळा हवा तर डबा घेऊन ये. बस पुलापर्यंत येते. तिथून पुढची काळजी करू नकोस, मी घ्यायला येते. शर्टाची सगळी बटणं नीट लावून ये, क्लेमेंतिना आता अधूनमधून जेवायला असते.

लोभ मनात ठेवून काय करतोस, इथे घेऊन ये.

तुझी ताई,
ओत्ताविया

ता. क. सेव्हेरिनो, पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून तिच्या नकळत चार ओळी. ये. हत्यारांना तेल जास्त झालंय, पुसायला माणूस हवा. आणखी एक, पण हे तिला सांगू नकोस, नाहीतर डोक्यावर बसेल. परवा उपचारानंतर पुलाशी गाडीत बसलो, तेव्हा बर्फ चांगलाच पडत होता. चॅपेलचं वळण यायची वाट बघत होतो. ते कधी गेलं कळलंच नाही, मला झोप लागली होती. दुसऱ्याने गाडी चालवताना मी आजवर कधी डोळा मिटलेला नाही. जाग आली तेव्हा आपलं दार आलं होतं.

बातिस्ता