भरलेला हात

प्रिय काडीपैलवान,

मी ठणठणीत आहे. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर मिळतं. धाकटी अजून रुसून बसते का?

इथे रोपवाटिकेत मालकाने घाई केली. गुलाब लवकर विकले जावेत म्हणून दुप्पट खत घातलं. झाडं अशी हिरवीगच्च झाली की गिऱ्हाइकं दारातच थबकायची. मग त्या कोवळ्या, रसाळ शेंड्यांवर मावा नावाची कीड तुटून पडली. आता आम्ही ओल्या फडक्याने पान न् पान पुसतोय.

पुसता पुसता तुझं फोनवरचं बोलणं आठवलं. "डावा हात छान भरलाय, अंगठीसुद्धा रुतते," म्हणालीस. मीही वेड्यासारखा हसलो. ऑपरेशनात तुझ्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हातातलं पाणी वर जायची वाट आता अरुंद झालीय, सूज दिसली की लगेच या. विसरलीस, की लपवतेस?

फोनवर तू हसण्यावारी नेतेस, म्हणून लिहितोय. हे वाचून होताच आईला घेऊन दवाखान्यात जा. त्या हाताने बादली उचलू नकोस.

अंगठी निघत नसेल तर सोनाराकडून कापून घे. मीच घातली होती, मीच सांगतोय.

लांबून नुसता ओरडू शकणारा,
तुझा नवरा