पावण्यांच्या हातची भिंत

१२ जानेवारी
अतुलचं लग्न ठरलं. मुलगी ब्राह्मी, चिकोडीची, बँकेत आहे. मुहूर्त एप्रिलात. बेळगावात खासबागेतलं आमचं घर पहिल्या मजल्यावर, एक बेडरूम आणि एक लांबलचक हॉल. हॉलमध्ये आडवी भिंत घातली की पोरांची खोली तयार. विटांचं वजन स्लॅबला झेपणार नाही म्हणाला इंजिनिअर, म्हणून जिप्सम बोर्डचं पार्टिशन. पत्र्याच्या चॅनेलची चौकट, दोन्ही बाजूंनी बोर्ड, झालं काम. अतुल म्हणतो, खोली झाली तर इथंच राहू, नाहीतर भाड्याचं बघतो. बघतो म्हणे! एकुलता एक पोरगा माझा, दुसऱ्याच्या घरात भाड्यानं कशाला राहील?
कॉन्ट्रॅक्टर मी निवडणार. उद्यमबागेत फौंड्रीत इन्स्पेक्शनला आयुष्य गेलं. कास्टिंगवर हातोडी टिचकावली की आवाजावरून सांगतो आत काय आहे. माणूसही तसाच ओळखतो.

१९ जानेवारी
मष्णू नावाचा कॉन्ट्रॅक्टर येऊन गेला. खानापूरकडचा. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर दिले, जाऊन काम बघा, त्यांना विचारा म्हणाला. संशय आला. चांगल्या माणसाला साक्षीदार कशाला लागतात? बोर्ड कुठलं, चॅनेल कुठलं, काम कधी संपणार, सगळं लिहून देतो म्हणाला. म्हणजे हा भांडणाची तयारी करूनच येतो. अ‍ॅडव्हान्स पण थोडाच मागितला. धंदा चालत नसणार.
तरी त्यानं केलेली एक भिंत बघून आलो. टिचकी मारली. पोकळ! तर म्हणतो, साहेब, ही भिंत आतून पोकळच असते. असं निर्लज्ज उत्तर फौंड्रीत कुणी दिलं नसतं. रिजेक्ट.

२ फेब्रुवारी
माणूस मिळाला. भरमाप्पा, निपाणीकडचे. दारात आल्या आल्या गाव विचारलं, घराणं विचारलं, आणि चहा उकळेपर्यंत नातं निघालं. राजश्रीच्या मावशीच्या जावेचे सख्खे भाऊ! म्हणजे आपले पावणेच की.
राजश्री आत बोलावून म्हणाली, पावणे असले तरी मष्णूला विचारलं तेवढं ह्यांना पण विचारा. बायकोला व्यवहारातली नाजूक बाजू कळत नाही. पावण्यांना कोण म्हणतं काम दाखवा? अ‍ॅडव्हान्स मीच पुढं केला. ‘ऱ्हाऊ द्या हो, पावणं’ म्हणत त्यांनी खिशात घातला. मोबाईलवर एक भिंत दाखवली. फोटोत टिचकी मारता येत नाही, पण दिसायला दणकट. जेवूनच गेले.

१६ फेब्रुवारी
चॅनेल उभे राहिले. हॉलच्या मधोमध नुसती चौकट. राजश्री पलीकडं भाजी निवडत बसली होती, गजाआड बसल्यासारखी. तसं म्हटलं तर हसली नाही. बोर्ड उद्या येणार.

३ मार्च
बोर्ड नाही. आज कडक बोलायचं ठरवलं. वाक्यं पाठ केली. फोन त्यांच्या बायकोनं उचलला. चुलते वारले म्हणे.
परक्याचा चुलता वारला तर वाईट झालं म्हणून फोन ठेवता येतो. पावण्याचा वारला तर जावं लागतं. उद्या रजा.

४ मार्च
भेटून आलो. भरमाप्पा गळ्यात पडून रडले. बोर्डचा विषय काढायची ती जागा नव्हती.

२३ मार्च
अतुलनं विचारलं, पप्पा, लिहून काय घेतलंय का? पावण्यांकडून लिहून घ्यायचं? समाजात तोंड दाखवायला जागा राहील का? मग म्हणाला, मष्णूला बोलवून बाकीचं उरकून घेऊ. पावण्यांच्या चौकटीवर परक्याचं बोर्ड! मावशीच्या जावेला काय वाटेल? त्या बाईंना मी अजून बघितलेलं नाही, पण लई मानी आहेत म्हणे.
त्यावर अतुल चपला घालून बाहेर गेला. त्याचं हे निघून जाणं मला आवडत नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

१० एप्रिल
आज सोक्षमोक्ष लावायचा म्हणून न कळवता थेट त्यांच्या घरी गेलो. दारात मांडव. नातवाचं बारसं. भरमाप्पांनी मिठीच मारली. ‘गडबडीत तुमास्नी सांगायचं ऱ्हाऊन गेलतं बघा, आन् तुम्ही न बोलवता आला. ह्याला म्हणत्यात पावणं!’
पाकिटात आहेर घालून दिला. मला टॉवेल-टोपी केली. लग्नाआधी खोली तयार, असा शब्द घेऊन आलो. म्हणजे तसं काम फत्ते. बसमध्ये लोक बघत होते, तेव्हा कळलं की टोपी डोक्यावरच आहे.

२० एप्रिल
लग्न थाटात झालं. भरमाप्पा पहिल्या रांगेत. पावण्यांचा मान म्हणून त्यांना फेटा मीच बांधवून घेतला. अतुल स्टेजवरून बघत होता.
पोरं लग्नाच्या कार्यालयातून परस्पर टिळकवाडीला गेली. घर आधीच भाड्यानं घेऊन ठेवलं होतं. मला कुणी सांगितलं नाही. राजश्रीला माहीत होतं. निघताना ब्राह्मी पाया पडली.
“खोली झाली की सांगा, पप्पा,” म्हणाली. “आम्ही बघायला येऊ.”
बघायला.

११ मे
टिळकवाडीला जाऊन आलो. घर चांगलं आहे. हवा येते. अतुल बस स्टॉपपर्यंत सोडायला आलता. त्याला म्हणणार होतो, चल रं घरी, हॉलमध्ये तुम्ही झोपा, आम्ही कुठंही झोपू. यंदा ऊन लई आहे, एवढंच बोललो. तो व्हय म्हणाला.

१८ मे, सकाळी
भरमाप्पांचा फोन. बोर्ड आलं! उद्या माणसं घेऊन येतो, आता खोली करूनच टाकतो म्हणाले.
कुणासाठी, असं विचारणार होतो. राजश्री चॅनेलवर वाळत घातलेले कपडे काढत होती. आता दोघांचेच असतात. ती थांबून माझ्याकडं बघत राहिली.
“या,” म्हटलं. “जेवायलाच या.”