बाभळीपाशी वळलेला पट्टा

सोमवार, डिसेंबरचा दुसरा आठवडा. सकाळी धुकं होतं. गव्हाला पाणी दिलं. दुपारी सिंदीहून तणनाशक आणलं, पण फवारलं नाही.

बाबा, यंदा मी पेरणीआधी वावर वखरलं नाही, माती उलथली नाही. ज्वारीची धसकटं तशीच ठेवून त्यांच्यातच यंत्राने गहू पेरला. दरवर्षी उलथून उलथून माती थकते, तिच्यातला कस उडून जातो, असं कृषी सहायकांनी सांगितलं आणि मला ते पटलं. धसकटं कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात, म्हणून पहिल्या वर्षी पीक पिवळट राहील, हेही त्यांनीच सांगितलं होतं. तसाच गहू आला आहे. घरात वर्षभर खायचा गहू हाच, म्हणून तुमच्या सुनेला झोप नाही. पुढच्या साली ट्रॅक्टरनं वखरून घ्या, म्हणते. मी हो म्हटलेलं नाही.

आज ती बांधावर उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "तुमी वखर फिरवला का इथं?"

पिवळ्या गव्हातून एक पट्टा हिरवागार गेला आहे, बरोबर वखराच्या रुंदीचा. तिथे धसकटं वर दिसत नाहीत. बोटं घातली तर मनगटापर्यंत माती मऊ. बाजूलाच बोट शिरत नाही. मी म्हणालो, बैल विकून किती वर्षं झाली. ती म्हणाली, "मंग हे मामाजींसारखं वळवलं कोनं?"

विहिरीजवळ पट्टा डावीकडे वळून पुन्हा सरळ होतो. तुम्ही तिथल्या बाभळीला वळसा घालायचे. ती बाभूळ मी तुमच्यानंतर तोडली. मूळही काढलं. आता तिथे सपाट वावर आहे. पेरणीचं यंत्र त्यावरून सरळ गेलं होतं, मी मागे चालत होतो.

ती बाभूळ होती तेव्हाचं आठवतं: मी कॉलेजातून नुकताच आलेलो, फवारणीचा पंप मागतो आहे. तुम्ही बाभळीखाली उपटलेलं तण हातात धरून बसला आहात. तुम्ही मान वर करत नाही. "तन मारशीन तू. पन त्यानं जे खाल्लं ते मातीले वापस कोन देईन?" एवढंच. मग ते तण मुळं वर करून पिकाच्या दोन ओळींमधल्या तासात पसरता.

पुढच्या वर्षीही मी वखरणार नाही. तुम्हाला राग आला असेल, की तुम्ही नुसते रोजचं काम करून गेलात, मला कळत नाही. हे पत्र कुठे टाकायचं तेही माहीत नाही. तुमचा वखर गोठ्यात टांगलेला आहे. त्याच्या लोखंडी पात्याला, पाशीला, ओली माती लागली आहे का, हे बघायला मी गेलो नाही.

दिवस मावळेपर्यंत त्या पट्ट्यातलं तण हाताने उपटलं आणि मुळं वर करून तिथेच पसरलं. येताना गोठ्याची कडी लागलेली होती. ती काढून ठेवली.