फायटेज आणि अकरा कोंबड्या

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून फायटेज सुरू! हाडांना, कवचाला लागणारा फॉस्फरस कोंड्यात भरपूर, पण कुलपात. कोंबडीच्या पोटाला ते कुलूप उघडत नाही. फायटेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, ही त्याची किल्ली. कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही — स्वतः वाचून काढलं. दहा किलो खाद्याला एक ग्रॅम पूड, सोनाराच्या काट्यावर तोलून. आता फॉस्फरसची विकतची पावडर निम्मीच घालायची. बायको म्हणते, "अहो, अकरा कोंबड्यांना एवढी थेरं?" अर्चनाला शास्त्र कोण सांगणार!

८ नोव्हेंबर, शनिवार
दोन अंडी पातळ कवचाची. काटा तपासला. बरोबर.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज पाच! एक अर्चनाच्या हातातच फुटलं. "रविवारपर्यंत सुधारलं नाही तर सगळ्या कोंबड्या राहीबाईला. तुमची प्रयोगशाळा बंद!" ती बोलते ते करते.

११ नोव्हेंबर, मंगळवार
शेजारची राहीबाई सकाळीच हजर. "दादा, माज्या कोंबड्या बऱ्या हायत ना?" — आणि मोजल्यासुद्धा! मी रोजच्यासारखं खाद्यावर उकळतं पाणी ओतत होतो.
"यातच तुमचं औषद हाय?"
"औषध नाही, विकर."
"आसंल. पन उकळत्या दुदात कोन विरजण घालतं काय?" हसत गेली.
उगाच थर्मामीटर बुडवला. एक्याण्णव अंश! फायटेज केव्हाच मेलेलं. पावडर निम्मी, किल्ली वितळलेली — कवच येणार कुठून? आणि मी तारापूरच्या कारखान्यात बावीस वर्षं बॉयलर सांभाळतो! हे पान कुणाच्या हाती लागू नये.

१२ नोव्हेंबर, बुधवार
थंड पाणी. अर्चनाला कारण सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
नऊ अंडी. नऊही टणक! ताटाच्या काठावर टकटक वाजवून दाखवली. अर्चना म्हणाली, "जिंकलात. राहू देत त्या." शास्त्राचा विजय! राहीबाईला तीन अंडी पाठवली. कशाबद्दल, ते तिला बरोबर कळेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार
खाद्याच्या पिंपामागे एक डबा. आत शिंपल्यांचा चुरा — नुसतं कॅल्शियम, कवचाचा कच्चा माल — निम्मा संपलेला. दांडी गावची मासळीवाली आणते तसल्याच शिंपल्या. झाकणावर अर्चनाचं अक्षर: "१० तारखेपासून. रोज चार चमचे."
दहा तारीख. धमकी दिली तोच दिवस.
डबा परत ठेवला. झाकण होतं तितकंच तिरपं.