खुंटीवरची दुसरी पिशवी

पेडगाव,
कोजागरीचा दुसरा दिवस

रा. रा. आबासाहेब यांस, पेडगावहून मुंजाजीचा रामराम.

तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या मंडळींचा दमा उतरला का? आमच्याकडे दोघंही जिवंत आहोत. (खुशाल लिहिणार होतो, पण कागदावर खोटं लिहू नये.) सोयाबीनची विचारपूस करत नाही, आमच्याचं जे झालं तेच तुमच्या जिंतूरकडेही झालं असणार. तीन वर्षांनी दाजींचं पत्र आलेलं पाहून तुम्हाला वाटेल, की आपली बहीण गेली. तशी ती गेली नाही, पण थोडक्यात हुकलं. ते सगळं सांगावं म्हणून लिहायला बसलो आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर परभणीहून अर्पिता नावाच्या मॅडम आल्या आणि त्यांनी आम्हा म्हाताऱ्यांना समाजमंदिरात गोळा केलं. विषय, संकट आलं तर वृद्धांनी काय करावं. मॅडम पंचविशीच्या, आणि समोर बसलेले आम्ही बावीस जण मिळून दीड हजार वर्षांचे. प्रत्येकाने एक पिशवी भरून ठेवायची: आठ दिवसांच्या गोळ्या, बिस्किटं, साखर, बॅटरी, आधारची झेरॉक्स, जवळच्या माणसांच्या नंबरांची यादी आणि एक शिट्टी. शिट्ट्या त्यांनी तिथंच वाटल्या. ज्यांना दात नाहीत त्यांची नुसतीच हवा गेली. बाकीच्यांनी अशा काही वाजवल्या की महारुद्रची मेंढरं समाजमंदिरात शिरली. मग समिती झाली आणि अध्यक्ष म्हणून माझं नाव निघालं, कारण शेवटपर्यंत मी एकटाच जागा होतो.

घरी येऊन भिवराबाईनं जुन्या पिवळ्या पडद्याच्या दोन पिशव्या शिवल्या. एक संकटाची. दुसरी कशाला म्हटलं, तर ट्रंकेतलं बोचकं काढून तिनं त्यात रिकामं केलं. म्हणजे आमच्या दोघांच्या शेवटच्या दिवसाचं सामान: गंगाजलाची सीलबंद लोटी, वाळलेली तुळस, सोन्याचा कण, माझं कोरं धोतर, आणि तुम्ही एका भाऊबीजेला दिलेली हिरवी साडी, जी तिनं कधी अंगाला लावली नाही. सवाष्ण गेले तर माहेरच्या साडीत जाईन, असं तिचं ठरलेलं. तयारीच करायची तर अर्धवट कशाला, असंही ती म्हणाली. दोन्ही पिशव्या दाराशेजारी एकाच खुंटीला टांगल्या, कारण मॅडमनी बजावलं होतं की हात चटकन पोचला पाहिजे. हात चटकनच पोचला, आबासाहेब. घोटाळा तिथंच झाला.

भादव्यात ओढा गल्लीत शिरला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. भिवराबाईनं शुगरची गोळी घेतलेली, भाकरी अजून तव्यावर होती. मी अध्यक्षाच्या रुबाबात खुंटीवरची पिशवी खांद्याला अडकवली, तिचा हात धरला आणि गुडघाभर पाण्यातून शाळा गाठली. चौथीच्या वर्गात तीसेक माणसं दाटीनं बसली होती. एकाचीही पिशवी नव्हती. मला राहवलं नाही. बघा, तयारी कशी असते, म्हणत मी सगळ्यांच्या मधोमध पिशवी उघडली आणि एकेक वस्तू बाहेर काढली. धोतर निघालं. तुळस निघाली. गंगाजल निघालं तशी शेजारच्या सरजाबाईनं "आगं माय, कोण गेलं गं!" म्हणून हंबरडा फोडला. तिचं ऐकून तिसरीच्या वर्गातल्या बायकाही रडत आल्या. एकानं तर मलाच बाजूला सरकवलं, मयताला जागा पाहिजे म्हणून.

तळाला निघाला टॉवेल आणि टोपी. लाल काठाचा. हो, तोच. तुमच्या राजेश्रीच्या लग्नात मला, घरच्या थोरल्या जावयाला, भरपेहराव न देता तुम्ही टॉवेल-टोपीवर बोळवलं होतं, आणि मी तो आहेर मांडवात भिरकावून भिवराबाईला भरल्या पंगतीतून उठवलं नि एसटीत बसवलं. मला वाटायचं, टॉवेल जिंतुरातच राहिला. तिनं तो उचलून आणला होता आणि माझ्या शेवटच्या सामानात घडी करून ठेवला होता. जिवंतपणी घेतला नाही तो आहेर मेल्यावर तरी माणूस निमूट घेईल, असा तिचा हिशेब असावा.

हसण्यासारखं इथपर्यंतच आहे. अकराच्या सुमाराला तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, नजर फिरली. पोटात गोळी गेलेली, अन्नाचा कण नाही. बिस्किटं आणि साखर घरी खुंटीला, मध्ये कंबरभर पाणी. पंगतीतून उठवलेली बाई माझ्यापायी पुन्हा उपाशी होती. अध्यक्षांना काही सुचेना. शेवटी सरजाबाईनंच रडणं अर्ध्यावर टाकून पदराच्या गाठीतला गुळाचा खडा काढला आणि तिच्या दाढेखाली सारला. प्यायला दुसरं पाणी नव्हतं म्हणून लोटी फोडली. गंगाजल तोंडात पडल्यावर माणूस उठून बसलेलं पेडगावनं पहिल्यांदाच पाहिलं. घाम तुमच्या टॉवेलानं पुसला.

त्या ग्लानीत ती एकच बोलत होती, "आबाला बोलवा." मी म्हणालो, नंबर त्या पिशवीत राहिला. आबासाहेब, ते खोटं होतं. यादी मीच लिहिली होती: सरपंच, डॉक्टर आणि पुण्याचा आमचा योगीराज (तो फोन उचलतो, पण दुसऱ्या दिवशी). तुमचं नाव मी घातलंच नव्हतं. संकटाची पिशवी आणली असती तरी तिचा भाऊ तिच्यात नव्हता. तीन भाऊबीजा तिनं दाराकडे बघत काढल्या आणि मी त्याला आपला मान समजत होतो. मला त्या दिवशी पाण्याची भीती वाटली नाही, स्वतःची लाज वाटली.

असो. पाणी उतरलं, भिंतीला ओल राहिली आहे. भिवराबाई हिंडते-फिरते, पण पहिल्यासारखी नाही. थोरांना नमस्कार, राजेश्रीला आशीर्वाद. (तो लग्नात द्यायचा राहिला होता.)

तुमचा,
मुंजाजी

ता. क. हिरवी साडी आता नाही. सरजाबाई चिंब भिजली होती, भिवराबाईनं तिला ती नेसवली. मी म्हटलं, मग तुझं काय? तर म्हणते, "आबानं दुसरी आणली तर जाईन, न्हाई तर ऱ्हाईन." तेव्हा तसली साडी आणू नका. आणायचीच तर नेसायची आणा, भाऊबीजेला, आणि पाठवू नका, घेऊन या.

ता. क. दुसरा. टॉवेल रोज वापरतो. रंग जात नाही. भरपेहरावाचा विषय मी कायमचा सोडला आहे. (छाती अडतीस, पण ते सहज कळवलं.)

ता. क. तिसरा. फोन सोडून पत्र का, असं वाटलं असेल. माझ्याकडे तुमचा नंबर नाही. भिवराबाईला तोंडपाठ आहे, पण ती म्हणते, "मी न्हाई सांगायची. ज्यानं लिहिला न्हाई त्यानंच इचारावा." यादी मी नव्यानं लिहायला घेतली आहे. सरपंच, डॉक्टर, योगीराज खाली गेले. पहिली ओळ रिकामी आहे. नंबर कळवा.