अंगठ्याची खोबण

४ फेब्रुवारी
चित्रातला बाबांचा हात पुन्हा फसला! त्यांच्या सुतारकामाच्या हत्यारांची चित्रं झाली — करवत, पटाशी, वाकस. राहिला रंधा. त्या एकाच चित्रात हात हवा, लाकूड तासणारा. समोर माझाच उजवा हात धरून काढतो. लोक म्हणत, हात बापाचे घेतलेस. पण रंध्याच्या मुठीजवळ वापरून वापरून अंगठ्याची खोबण पडलीय. अंगठा तिच्यात बसतच नाही.

प्रदर्शनाच्या बाईंचा फोन — "अहो, तुमची भिंत रिकामी ठेवलीय. रविवारी आणा, नाहीतर दुसऱ्याची फुलं टांगते."

५ फेब्रुवारी
दिवा लावला. दिवसभरात बोललो तो देवाशीच.

७ फेब्रुवारी
रंध्याच्या मुठीमागे बारीक ओरखडे आहेत. लहानपणी मीच खिळ्याने मारले असणार. चित्रातून गाळले. ही असती तर म्हणाली असती, "तुमच्या घरातले सगळे कसे धुतल्या तांदळासारखे!" तिचा चष्मा अजून खिडकीत आहे. पुसून तिथेच ठेवला.

८ फेब्रुवारी
चित्रातला हात उसना वाटतो. वैतागून रंधा उचलून ठेवायला गेलो. उजव्या हातात ब्रश होता, म्हणून डाव्याने धरला. अंगठा आपसूक खोबणीत!

बाबा तर उजवे.

ताईला फोन केला. आधी हसली. "डावखुरं आपल्यात कोण होतं रे? तू आणि आई!"

मग आवाज उतरला. "बाबांना दम लागायचा. तू शिकायला मामाकडे. दार लावून फळ्या आई तासायची, बाबा ओट्यावर बसून गिऱ्हाईक सांभाळायचे. गावाला कळलं असतं तर काम कोणी दिलं असतं?"

माझी डावी सवय मामाने मोडली होती. तिची कोणी मोडली नाही — दार बंद होतं.

"आणि ते ओरखडे?"

"बांगड्या, वेड्या."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी? वर्षाकाठी एक फोन तुझा."

फोन ठेवल्यावर रंधा मांडीवर घेतला.

९ फेब्रुवारी, रविवार
बाईंना कळवलं — फुलं टांगा.

ओरखडे परत काढले, एकही न गाळता. मग करवत, पटाशी, वाकस — एकेक डाव्या हातात धरून पाहिलं.

सगळी बसतात.